केसांसाठी ‘स्टेम सेल’ : सिरिंजमध्ये नेमकं काय जातं

‘स्टेम सेल करायचं आहे’, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी घडतात त्या मूळ पेशी केसांसाठी टोचून घ्यायच्या आहेत, म्हणून आलेल्या माणसाच्या डोक्याला आम्ही पहिले डर्मोस्कोप लावतो. सुई फार पुढची गोष्ट. मोठं करून पाहिलं की शेजारी-शेजारी उगवलेले केस सारखे आहेत की एक जाड, एक बारीक आणि एक नुसती लव, हे स्पष्ट दिसतं. जाडीतली ही तफावत २० टक्क्यांहून जास्त केसांत असेल तर प्रकार अनुवंशिक टक्कल पडण्याचा. केसांची छिद्रंच बुजलेली असतील, त्वचा गुळगुळीत आणि चकचकीत असेल, तर मुळांच्या जागी व्रण धरला आहे. तिथे कोणतंही इंजेक्शन केस उगवून देणार नाही. चट्ट्याच्या कडेला बुडाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे तुटके केस दिसले की ती चाई. तो प्रतिकारशक्तीचा आजार, त्याची औषधं वेगळी. बाहेरच्या बाकावर हे तिघं शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि तिघांनीही मोबाइलवर एकच जाहिरात पाहिलेली असते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आणखी एक गट येतो. ‘डॉक्टर साहेब, केस भलतेच गळून राहिले जी, कंगव्यात मूठभर निघून राहिले.’ विचारपूस केली की ऑगस्ट-सप्टेंबरातला डेंग्यू निघतो, कधी टायफॉइड, कधी बाळंतपण. जोरदार तापाने हजारो मुळं एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही अवस्था साधारण ३ महिन्यांची. म्हणून ताप उतरून माणूस कामाला लागतो तेव्हा कुठे केस गळायला सुरुवात होते, आणि दोन्हींचा संबंध घरात कोणाच्या लक्षात येत नाही. ५०-६० केसांची बट चिमटीत धरून बुडापासून टोकापर्यंत हलकेच ओढायची. ६ पेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं समजायचं. रक्तात सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं, जे कमी असेल ते भरून काढायचं, डाळ-अंडी-दूध नीट खायला सांगायचं आणि थांबायचं. बहुतेकांची गळती ६ महिन्यांच्या आत आपसूक आवरते. अशा डोक्यात सुई घालणं म्हणजे जे आपणहून होणारच आहे त्याचे पैसे घेणं. ते आम्हाला पटत नाही. शिवाय डेंग्यूनंतर प्लेटलेट पूर्ववत झाल्या की नाही हेही पाहिलेलं नसतं, आणि पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढून डोक्यात टोचायचा प्लेटलेट दाटलेला प्लाझ्मा, त्याचा सगळा खेळ प्लेटलेटवर.

आधी कारण शोधा, हे विदर्भात वेगळं सांगायची गरज पडू नये. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत थोड्याच दिवसांत लोकांची डोकी रिकामी झाली, तेव्हा आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं पाण्याचे, धान्याचे, रक्ताचे नमुने घेऊन गेली आणि पुढे चर्चा रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमपर्यंत पोहोचली. तिथे कोणी स्टेम सेल टोचत बसलं असतं तर काय साधलं असतं?

आता अनुवंशिक टकलाकडे येऊ, कारण स्टेम सेलचा विचार तिथेच अर्थपूर्ण आहे. केस ज्या पिशवीत रुजलेला असतो त्या फॉलिकलच्या मधल्या भागात, जिथे केस उभा करणारा बारीक स्नायू चिकटतो, तिथे एक फुगवटा असतो. केसाच्या स्टेम सेल तिथे राहतात हे १९९० साली जॉर्ज कोत्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. २०११ मध्ये कोत्सारेलिस यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने एकाच पुरुषाच्या डोक्यावरची टक्कल पडलेली त्वचा आणि केस असलेली त्वचा शेजारी ठेवून तपासली. टकलाच्या भागातही स्टेम सेल जवळपास तेवढ्याच होत्या. कमी झाल्या होत्या त्या पुढच्या टप्प्यावरच्या पेशी, ज्या स्टेम सेलपासून तयार होऊन प्रत्यक्ष केस घडवायला लागतात. बी कोठीत शिल्लक आहे, पेरणी होत नाही, अशी ती अवस्था.

याचा व्यवहारात अर्थ असा की अनुवंशिक टकलात बाहेरून स्टेम सेल आणून ओतण्यापेक्षा आहेत त्यांना कामाला लावणं महत्त्वाचं. आणि ज्याने त्यांचं काम अडवलं तो डीएचटी हा हॉर्मोन रोज तयार होतच असतो. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घेतलं तर रक्तातला डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतो. हे न करता नुसती इंजेक्शनं घेतली तर एका बाजूने जागं करायचं आणि दुसऱ्या बाजूने झोपवायचं असं चालू राहतं. फिनास्टेराइड गरोदर स्त्रीने घ्यायचं नाही, फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाने पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करताना हे औषध चालू असल्याचं सांगायचंच, कारण त्याने आकडा निम्म्याच्या आसपास येतो आणि प्रोस्टेटचा आजार नजरेतून सुटू शकतो. लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास होणं असे परिणाम काहींना होतात. ते डॉक्टरांनी आधीच सांगायला हवेत.

कायद्याचं थोडक्यात. भारतात केसांसाठी कोणताही स्टेम सेल उपचार मंजूर नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा माणसावरचा प्रत्येक वापर संशोधन धरला जातो. तो करायचा तर क्लिनिकल ट्रायल म्हणून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करून. ट्रायलमध्ये सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कोणी ‘आमची ट्रायल आहे’ म्हणत पॅकेजचा दर सांगत असेल तर सीटीआरआयचा क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’ मध्ये जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे. टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. दावा फार ठाम असेल तर एवढ्यावरूनच सावध व्हायला हरकत नाही.

मग नागपूरच्या धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ, सदर या पट्ट्यात ‘स्टेम सेल’ म्हणून डोक्यात जातं काय? बहुतेक वेळा पीआरपी किंवा त्याचा धाकटा भाऊ जीएफसी. क्वचित स्वतःच्याच त्वचेचे बारीक केलेले तुकडे, ज्याला मायक्रोग्राफ्ट म्हणतात. अलीकडे एक्झोसोमची कुपी. सर्वांत जास्त माणसं पीआरपी घेतात आणि सर्वांत जास्त बिघाडही तिथेच होतात, म्हणून ते सविस्तर सांगतो. पीआरपीत स्टेम सेल नसतात, एवढं मात्र आधी नोंदवून ठेवू. प्लेटलेटला तर केंद्रकही नसतं. तिच्या पोटात वाढीचे संकेत देणारी प्रथिनं असतात आणि ती जागच्या स्टेम सेलना हलवतात, अशी त्यामागची धारणा.

तयारी आठवडाभर आधीपासून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या निदान आठवडाभर बंद. अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेट कायमची निकामी होते आणि नव्या प्लेटलेट तयार व्हायला ७ ते १० दिवस जातात. पण हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर केसांसाठी ते बंद करायचं नाही, त्या माणसाने पीआरपीच करू नये. डोकं आदल्या रात्री धुतलेलं, तेल नको. आणि सकाळी तर्री-पोहे खाऊन यायचं नाही. तर्रीवर तरंगणारं तेल काही तासांत रक्तात उतरतं, प्लाझ्मा पिवळसर स्वच्छ निघायच्या जागी दुधाळ निघतो, थर नीट ओळखू येत नाहीत आणि काढताना अंदाज चुकतो. अगदी उपाशीही नको. सुई पाहून चक्कर येणाऱ्यांत उपाशी पोटी आलेलेच जास्त. साधी पोळी-भाजी, भरपूर पाणी. खर्रा आणि सिगारेट निदान त्या दिवशी तरी नको, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.

रक्त २१ गेजच्या सुईने कोपराच्या शिरेतून घ्यायचं. बारीक सुईने दुखतं कमी, पण रक्त घासून येतं, तांबड्या पेशी फुटतात आणि प्लेटलेट नळीतच चाळवतात. शीर एका झटक्यात मिळाली पाहिजे. सुई आत घेऊन शोधाशोध केली की तिथेच गुठळी धरायला सुरुवात होते. नळी एसीडी-एची, पिवळ्या झाकणाची: तिच्यात रक्त गोठू न देणारा १.५ मिलिलिटर द्रव असतो आणि ८.५ मिलिलिटर रक्त मावतं. हे प्रमाण मोडायचं नाही. नळी अर्धीच भरली तर आम्ल जास्त होतं आणि टोचताना डोकं जळजळतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी रक्ततपासणीची आहे, पीआरपीची नव्हे; ईडीटीएने प्लेटलेटचं आवरण बिघडतं. स्वस्त पडते म्हणून ती वापरलेली दिसली तर उठून यावं. नळी भरली की ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करायची. हलवायची नाही.

३ नळ्या, म्हणजे सुमारे २५ मिलिलिटर रक्त. नळीवर नाव झाकण बंद होताच, रुग्णासमोर लिहायचं, आणि नळ्या गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात एका वेळी एकाच माणसाच्या नळ्या. याला अपवाद नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये पीआरपी फेशियल करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली होती. त्याचा अहवाल तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःचंच रक्त आहे, धोका काय, असं म्हणणाऱ्याला आम्ही हे सांगतो. धोका रक्ताच्या अदलाबदलीचा आणि सुई-नळी पुन्हा वापरण्याचा असतो.

आता सेंट्रिफ्यूज. इथे निम्मी पीआरपी बिघडते, आणि कारण एकच: लोक फेरे पाठ करतात, बल पाहत नाहीत. ‘१५०० वर १० मिनिटं’ असं एकाकडून दुसरा शिकतो. पण बल यंत्राच्या त्रिज्येवर ठरतं. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या छोट्या यंत्रात १५०० फेऱ्यांना सुमारे २५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट, बल मिळतं. १५ सेंटिमीटरच्या यंत्रात त्याच १५०० फेऱ्यांना ३७५ च्या वर जातं, आणि पहिल्याच फेरीत बऱ्याच प्लेटलेट तांबड्या थरात ओढल्या जातात. वर उरतो तो दिसायला छान पिवळा, आत जवळपास रिकामा प्लाझ्मा. आम्ही पहिली फेरी २०० जीवर १० मिनिटं घेतो. १० सेंटिमीटरच्या यंत्रात ती साधारण १३४० फेऱ्यांना मिळते. समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या, तिसऱ्या नळीसमोर पाणी भरलेली चौथी. यंत्र थरथरलं की थर विस्कटतात. ब्रेक बंद ठेवायचा, यंत्र आपल्या गतीने थांबू द्यायचं. झटक्यात थांबवलं की जमलेला थर पुन्हा वर उडतो. मध्येच लाइट गेली तर मिनिटं जोडून काम चालवायचं नाही. म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर असलेलं बरं.

नळी बाहेर आली की खाली तांबडा थर, त्यावर नखाएवढाही नाही असा पांढुरका पापुद्रा, वर पिवळा प्लाझ्मा. लांब सुई वरून हळूहळू खाली नेत प्लाझ्मा ओढायचा, आणि पापुद्र्यालगतचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर सर्वांत महत्त्वाचा, कारण प्लेटलेट तिथे दाटलेल्या असतात. घाबरून वरच थांबलं तर माल खालीच राहिला. लोभाने खाली गेलं तर तांबड्या पेशी येतात, टोचल्यावर डोकं ठणकतं आणि सूज वाढते. प्लाझ्मा गुलाबी दिसत असेल तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. ती नळी फेकायची, पुन्हा रक्त घ्यायचं.

हा प्लाझ्मा काहीही न घातलेल्या निर्जंतुक नळीत घेऊन दुसरी फेरी: ६०० जीवर १२ मिनिटं, त्याच यंत्रात सुमारे २३०० फेऱ्या. तळाशी फिकट टिकली जमते. वरचा दोन तृतीयांश प्लाझ्मा काढून टाकायचा, उरलेल्यात ती टिकली नळी तळहातांत हळू फिरवून विरघळवायची, ५ मिनिटं शांत ठेवायची. २५ मिलिलिटर रक्तात, प्लेटलेट २.५ लाख असतील तर, एकूण ६२५ कोटी प्लेटलेट येतात. त्यातल्या ७० टक्के हाती लागल्या आणि शेवटी साडेचार मिलिलिटर पीआरपी उरली, तर दर घन मिलिमीटरला पावणेदहा लाखांच्या आसपास बसतात. आपल्याला हव्या असतात त्या एवढ्याच, १० लाखांच्या जवळ. याच हिशोबावरून १० मिलिलिटर रक्तात पूर्ण डोक्याची पीआरपी काढून देणाऱ्याचं गणित कुठे बसत नाही तेही कळतं. शंका असेल तर पीआरपीचा एक थेंब पॅथॉलॉजीत मोजायला द्यावा. मोजणी न करता वर्षानुवर्षं टोचत राहणं आम्हाला मंजूर नाही.

नागपूरचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो आणि साध्या टेबलावरच्या यंत्राला स्वतःची गरमी असतेच. प्लेटलेट २० ते २४ अंशांत सुखी असतात. म्हणून खोली एसीने आधी गार करायची, यंत्र लागोपाठ चालवायचं नाही. फ्रीजमध्ये नळी ठेवणं हा उपाय नव्हे, थंडीने प्लेटलेट आधीच फुटून मोकळ्या होतात. आणि प्रोसिजर रूममध्ये कूलर अजिबात नको. खसच्या ताटीतून, टाकीतल्या साचलेल्या पाण्यावरून येणारी ओली हवा सोबत बुरशी आणि जिवाणू आणते, आणि आपण डोक्याला नव्वद भोकं पाडणार असतो.

टोचण्याआधी सुन्न करायचं. कपाळावर भुवयांच्या वरच्या नसांजवळ आणि डोक्याभोवती कड्यासारखं लिग्नोकेन. अ‍ॅड्रेनॅलिनसह दिलं तर मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २१ मिलिलिटरच्या पुढे जायचंच नाही. एवढं लागतही नाही, ८-१० मिलिलिटरमध्ये काम होतं. मग ३१ गेजच्या इन्सुलिन सिरिंजने दर सेंटिमीटरला ०.०५ मिलिलिटर, साडेचार मिलिलिटरमध्ये ९० जागा होतात. सुई २-३ मिलिमीटरच आत. खोल गेली तर द्रव चरबीखाली पसरतो आणि मुळांना मिळतच नाही. माणूस आडवा हवा. बसवून टोचलं की चक्कर येऊन पडण्याचा धोका. तोंड पांढरं पडलं, घाम फुटला की थांबायचं, पाय वर करायचे.

जीएफसीत हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने होते. नळीत प्लेटलेट फोडणारा पदार्थ असतो, थोडा वेळ ठेवून एकदाच फिरवतात आणि वरचं पाणी घेतात. त्यात पेशी नसतात, वाढीची प्रथिनं असतात. माणसावर अवलंबून असलेल्या चुका कमी, किटचा खर्च जास्त.

मायक्रोग्राफ्टमध्ये खरोखर फॉलिकलच्या पेशी असतात, म्हणून स्टेम सेल हे नाव त्याला थोडंफार शोभतं. कानामागच्या किंवा मानेच्या वरच्या भागातले केस डीएचटीला फारसे जुमानत नाहीत. तिथून २ ते २.५ मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, ३ तुकडे घेतात. पंच केसाच्या तिरपाईशी समांतर धरायचा. त्वचेला काटकोनात धरला तर केस आत तिरपा असल्याने फॉलिकल मधूनच कापलं जातं आणि जो फुगवटा हवा होता तोच निम्मा मागे राहतो. तुकडा बाहेर काढला की त्याखाली चरबीचा पांढरा-पिवळा थेंब आणि टोकाला काळसर कंद दिसला पाहिजे. वरची त्वचा तेवढी सपाट निघून आली असेल तर त्याचा उपयोग नाही. तुकडे लगेच सलाइनमध्ये. ०.९ टक्क्यांचं सलाइनच. शेजारी ठेवलेल्या निर्जंतुक पाण्याच्या कुपीतून घेतलं तर पेशी पाणी शोषून फुटतात. मग एकदाच वापरायच्या कपात जाळीदार पात्यावर सलाइनसह ते फिरवतात आणि ५० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. गाठी मागे राहतात, सुट्या पेशी खाली येतात. उगाच जास्त वेळ फिरवलं तर पेशीच फाटतात. द्रव गढूळ दिसतो, ताबडतोब टोचायचा.

आता हिशोब करून पाहा. २.५ मिलिमीटरच्या ३ पंचांचं क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मिलिमीटर. मागच्या भागात चौरस सेंटिमीटरला ७०-८० केसांचे पुंजके असतात, म्हणजे हाती आले ११-१२ पुंजके, फार तर २५ केस. तेवढ्यातल्या स्टेम सेल सगळ्या टाळूवर वाटायच्या. त्यातल्या किती जिवंत पोहोचल्या हे खोलीत कोणी मोजत नाही. या पेशी नवं फॉलिकल बांधतात असं मानायला आधार नाही. काही डोक्यांत केस जाड होतात ते, आमच्या मते, त्या पेशी सोडत असलेल्या संकेतांमुळे. मार्गदर्शक तत्त्वांच्या चौकटीत हा प्रयोगच आहे, आणि करून घेणाऱ्याला तसं लेखी सांगितलं गेलं पाहिजे.

नवं फॉलिकल बनवण्याचं काम प्रयोगशाळांत चालू आहे. अडचण अशी की फॉलिकलच्या तळाच्या डर्मल पॅपिला पेशी सपाट बशीत वाढवल्या की केस घडवण्याची कला विसरतात. २०१३ मध्ये कोलंबिया आणि डरहम विद्यापीठांच्या गटाने त्या थेंबात लटकवून गोळ्यांच्या रूपात वाढवल्या, तेव्हा ती कला काही अंशी परत आली आणि उंदराच्या अंगावर लावलेल्या मानवी त्वचेत केस उगवले. तिथून क्लिनिकपर्यंतचं अंतर अजून कापलेलं नाही.

पोटाची चरबी काढून, कोलॅजिनेज या एन्झाइमने ३७ अंशांवर मुरवून तिच्यातल्या पेशी वेगळ्या करण्याचा प्रकारही आहे. एन्झाइम, लायपोसक्शन, स्वच्छ खोली, जिवाणूंची तपासणी एवढं सगळं त्यात येतं. ट्रायलच्या बाहेर केसांसाठी हे करून घेऊ नये, एवढंच म्हणतो.

एक्झोसोमबद्दल मात्र जास्त बोललं पाहिजे, कारण मागणी झपाट्याने वाढून राहिली आहे. एक्झोसोम म्हणजे पेशींनी सोडलेल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या. त्यात स्टेम सेल नसते. कुपीत नेमकं किती, कोणाच्या पेशींपासून, कोणत्या तपासणीनंतर, हे बहुतेक लेबलांवर नसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल सार्वजनिक इशारा दिला होता. लेबलवर ‘बाह्य वापरासाठी’ लिहिलेली कुपी बारीक सुयांचा डर्मारोलर फिरवून लावली काय आणि सुईने आत घातली काय, ती तिच्या कामाबाहेर वापरली जाते. सफरचंदाच्या स्टेम सेलचं सीरम तर डोक्यावर चोळायचं सौंदर्यप्रसाधन आहे. वनस्पतीची पेशी माणसाच्या फॉलिकलमध्ये काम करत नाही.

टोचून झाल्यावर पहिली रात्र डोकं जड वाटतं. पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरू शकते; घाबरायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं. २४ तास डोक्याला पाणी, तेल, मिनॉक्सिडिल (केस वाढवण्यासाठी डोक्याला लावायचं औषध) काही नाही. हेल्मेट घालावंच लागतं, तर आत धुतलेलं सुती कापड. उन्हात निघताना दुपट्टा बांधायची आपली सवय इथे उपयोगाची, पण तो रोजचा घामेजलेला नको. ताप, पू, वाढत जाणारी लाली, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

फरक पाहायची घाई इथे सगळ्यांनाच असते. विश्रांतीतलं मूळ जागं व्हायला ३ महिने, आणि केस वाढतो महिन्याला १ सेंटिमीटर. म्हणून महिन्याच्या अंतराने ३-४ सत्रं, आणि पहिला निवाडा ६ महिन्यांनी. मिनॉक्सिडिल सुरू केलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, ते जुने केस नव्यांना जागा देत असतात; तिथे सोडायचं नाही. फोटो एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, भांग त्याच जागी, केस कोरडे आणि तेवढ्याच लांबीचे. ओल्या केसांचा ‘आधी’ आणि वाळवलेल्या केसांचा ‘नंतर’ कोणालाही बनवता येतो. आम्ही टाळूवरचा ठरलेला १ चौरस सेंटिमीटर डर्मोस्कोपने पाहून केस मोजतो, जाड किती आणि लव किती हे लिहितो.

६ महिन्यांनी त्या चौकोनात काही बदललं नसेल तर पुढची सत्रं रद्द करायची, भरलेल्या पॅकेजचे पैसे परत मागायचे. बदल असेल तर वर्षातून दोनदा सत्र, गोळी आणि मिनॉक्सिडिल चालूच. खर्च झेपत नसेल तर केसगळतीच्या कारणाचं निदान तेवढं नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत करून घ्यावं. गोळी-मिनॉक्सिडिलची चिठ्ठी तिथेही मिळते. आणि प्रत्येक सत्राच्या वेळी केसपेपरवर किटचं स्टिकर लावून घ्यायचं: उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत. त्याखाली किती मिलिलिटर रक्त घेतलं, किती टोचलं आणि कोणी टोचलं, हे लिहून सही घ्यायची.